अनुदान पुरे, आता ऑर्डर द्या

मा. उद्योगमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मा. महिला व बालविकास मंत्री, महाराष्ट्र राज्य,
आणि राज्यस्तरीय बँकर्स समितीचे सर्व सदस्य यांस,



दर ८ मार्चला आपल्यापैकी कोणीतरी व्यासपीठावरून लिज्जतची गोष्ट सांगतं. १५ मार्च १९५९, गिरगावातली एका इमारतीची गच्ची, सात जणी आणि उसने घेतलेले ८० रुपये. टाळ्या पडतात. गोष्ट खरीच आहे. फक्त ती जिथं थांबवली जाते तिथून सात वर्षं पुढं गेलं की आणखी एक आकडा लागतो. १९६६ मध्ये खादी आणि ग्रामोद्योग आयोगानं या संस्थेला मान्यता दिली आणि तिच्या हातात ८ लाख रुपयांचं खेळतं भांडवल ठेवलं. शिवाय काही करांतून सूटही दिली. ८० रुपये हातउसने देणारा माणूस गल्लोगल्ली भेटतो. १९६६ साली ८ लाख देणारं कोणी भेटलं, म्हणून आज ४५ हजारांहून जास्त बायका त्या पापडाच्या मालकिणी आहेत. पण भाषणात ८० रुपयेच येतात. त्यात सगळं श्रेय बायकांच्या जिद्दीला देऊन मोकळं होता येतं. ८ लाखांचं नाव काढलं की समोरून कोणीतरी विचारणार, मग आता ते कोण देणार?

तेच विचारायला हे पत्र लिहिते आहे.

मी सोलापुरात कर सल्लागार आहे. माझ्याकडे रिटर्न भरायला, जीएसटी नंबर काढायला, कर्जाचा प्रोजेक्ट रिपोर्ट करून घ्यायला येणाऱ्यांत बायकांची संख्या वाढलेली मला रोज दिसते. पूर्वी यायच्या त्या ब्यूटी पार्लर, शिवणक्लास, शेंगाचटणी, मसाले यांच्या. आता पावडर कोटिंगची शेड चालवणारी येते, सोलर पॅनल बसवणारी येते, टॉवेलच्या कारखान्याला पॅकिंगचे खोके पुरवणारी येते, माती-परीक्षणाची प्रयोगशाळा काढणारी येते. पुण्यात अनु आगांनी थरमॅक्ससारखी बॉयलर बनवणारी कंपनी अडचणीतून वर काढली, अकोला जिल्ह्यातल्या एका खेड्यात जन्मलेल्या कल्पना सरोज यांनी बुडीत निघालेली कमानी ट्यूब्ज उभी केली. अशी नावं आता अपवाद म्हणून सांगायची वेळ राहिलेली नाही. बाई कुठला धंदा करू शकते, हा वाद संपला.

वाद उरलाय तो तिचा धंदा किती मोठा होतो याचा, आणि तिथं आपलेच आकडे बोलतात. लहान-मध्यम उद्योगांची उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू झाली. केंद्र सरकारनं २०२४ मध्ये संसदेत दिलेल्या माहितीप्रमाणे त्यातले २०.५ टक्के उद्योग बायकांच्या मालकीचे. त्यांचा रोजगारातला वाटा १८.७३ टक्के, गुंतवणुकीतला ११.१५ आणि उलाढालीतला १०.२२. म्हणजे माणसं कामाला लावण्यात त्या जवळजवळ बरोबरीनं आहेत, पण भांडवल आणि गल्ला निम्म्यावर. त्याच्याही आधीची २०१५-१६ ची नमुना पाहणी काढून बघा. सूक्ष्म उद्योगांत बायकांची मालकी २०.४४ टक्के, लघु उद्योगांत ५.२६, मध्यम उद्योगांत २.६७. पहिल्या पायरीवर पाचातली एक बाई, दुसऱ्या पायरीवर विसातली एक, तिसऱ्या पायरीवर शोधावी लागते.

महाराष्ट्र सरकारनं २०१७ च्या डिसेंबरात महिला उद्योजकांसाठी वेगळं धोरण आणलं. असं करणारं हे देशातलं पहिलं राज्य, याचा मला अभिमान आहे. महिला उद्योजकांचं प्रमाण ९ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर न्यायचं, असं त्यात म्हटलं होतं. पण प्रमाण म्हणजे डोकी मोजणं. नव्या नावांची नोंद झाली की प्रमाण वाढतं आणि अहवाल छान दिसतो. जी बाई पाच वर्षांपूर्वी नोंदली गेली ती आज कुठे आहे, हे त्या अहवालात येत नाही.

ती कुठे असते ते सांगते. आमच्याकडची कडक भाकरी आपण खाल्ली असेल. ज्वारीचं पीठ गरम पाण्यात मळायचं, पापडासारखी पातळ भाकरी थापायची, भाजायची आणि पार कोरडी होईपर्यंत वाळवायची. महिना-महिना टिकते, म्हणून तिचा धंदा होतो. माझ्या एका पक्षकार बाईंकडे आठ-दहा बायका थापायला असतात. त्यांनी पीठ मळायचं यंत्र, पॅकिंगचं यंत्र कर्जावर घेतलं. ते कर्ज मिळालं, अनुदानही मिळालं, उद्घाटनाला फीत कापायला मंडळी आली, फोटो निघाले. पण भाकरीचा धंदा यंत्रावर चालत नाही, ज्वारीवर चालतो. रब्बीची ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते. मंगळवेढ्याची मालदांडी तेव्हा भरून ठेवली तर वर्षभर निभावतं. तेव्हा नाही घेतली तर दिवाळीच्या सुमाराला ती चढ्या भावानं, भुसारवाल्याच्या उधारीवर, तो देईल ती घ्यावी लागते. म्हणजे त्यांना पैसा लागतो मार्चमध्ये, एकरकमी. आणि मार्चमध्ये बँकेत गेलं की उत्तर येतं, ताई, मार्चएंड चाललाय, एप्रिलमध्ये या.

एप्रिलमध्ये गेल्यावरचं संभाषणही मी टेबलाच्या या बाजूला बसून ऐकलेलं आहे.

‘मुदत कर्ज आहे ना तुमचं? मग आता आणखी कशाला?’
‘साहेब, ज्वारी भरायचीय. कॅश क्रेडिट पाहिजे.’
‘तारण काय देणार?’
मी मध्ये बोलले, की १० लाखांपर्यंत तारण मागायचं नाही असं रिझर्व्ह बँकेचं सांगणं आहे.
‘मॅडम, तारण नाही मागत मी. जामीनदार आणा म्हणतोय. आणि मिस्टरांना एकदा पाठवून द्या.’

अधिकारी वाईट नव्हता. त्याच्या डोक्यावर वसुलीची तलवार होती, वर्षभरात बदली होणार होती, आणि यंत्र दिसतं तसा ज्वारीचा साठा दिसत नाही, हेही खरं. पण बँकर्स समितीच्या सदस्यांनो, हा प्रश्न आपल्याच नियमांनी तीस वर्षांपूर्वी सोडवलेला आहे. नायक समितीनं १९९२ मध्येच सांगून ठेवलंय, की लहान उद्योगाला अपेक्षित उलाढालीच्या निदान २० टक्के खेळतं भांडवल द्यावं. पंधरा लाखांची उलाढाल धरली तर तीन लाख. त्याला तारण नको, आणि सूक्ष्म व लघु उद्योगांच्या पत हमी योजनेत महिलांच्या कर्जाला हमीही जास्त प्रमाणात मिळते. तरी ते तीन लाख उभे राहतात कुठून? सोनं गहाण ठेवून. पाटल्या, गंठण, लेकीसाठी जमवलेलं तोळा-दोन तोळे. सोनेतारण कर्ज अर्ध्या तासात मिळतं, नवऱ्याला बोलवा असं तिथं कोणी म्हणत नाही. जिला आपण विनातारण कर्ज दिलं असं आपले तक्ते सांगतात, तिचा धंदा चालतो तिच्याच अंगावरच्या तारणावर.

मुद्रा योजनेची आकडेवारी आपण अभिमानानं देता. ८ एप्रिल २०१५ पासूनच्या खात्यांत साधारण दोन तृतीयांश बायकांची, हेही खरं. पण शिशू कर्ज म्हणजे ५० हजारांपर्यंत. ५० हजारांत शिलाई यंत्र येतं, ओव्हरलॉक येतं, कापडाचे तागे येत नाहीत. मला हवी आहे ती एकच माहिती, आणि ती आपल्याकडे आहे, कारण खाती पॅन किंवा आधारशी जोडलेली असतात: शिशू घेऊन फेडलेल्या किती बायकांना पुढच्या पायरीचं किशोर मिळालं, किशोर फेडलेल्यांतल्या किती त्यापुढच्या तरुणपर्यंत पोचल्या? जिल्हास्तरीय बैठकीत शाखावार हे वाचून दाखवा. नवी खाती किती उघडली हे वाचू नका, निदान एक वर्षभर. बचत गटांची थकबाकी देशभरात दोन-अडीच टक्क्यांच्या आसपास असते. फेडण्याबद्दल शंका घ्यायला यांनी जागा ठेवलेली नाही. मोठ्या उद्योगपतींच्या बाबतीत आपण इतके काटेकोर असता तर बरं झालं असतं, असं मनात येतं, पण तो विषय वेगळा.

वेगळी बँक काढून हे सुटेल असंही एकदा वाटलं होतं. २०१३ च्या नोव्हेंबरात १,००० कोटींच्या भांडवलावर भारतीय महिला बँक निघाली आणि १ एप्रिल २०१७ ला स्टेट बँकेत विलीन झाली. त्याच्या कितीतरी आधी, १९९७ मध्ये, साताऱ्याच्या म्हसवडला माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. सभासद बायका निरक्षर आहेत म्हणून रिझर्व्ह बँकेनं आधी परवाना नाकारला होता. संस्थापक चेतना सिन्हांबरोबरच्या त्या बायका लिहायला-वाचायला शिकून पुन्हा अर्ज घेऊन गेल्या. ती बँक आजही आहे. वरून आलेली चार वर्षांत गेली, खालून उगवलेली टिकली, याचं कारण मला साधं वाटतं. म्हसवडच्या बँकेला आठवडी बाजारात बसणाऱ्या बाईला पैसा कुठल्या दिवशी लागतो हे ठाऊक आहे.

आता जामीन आणि तारणाच्या मुळाशी असलेली गोष्ट. बाईच्या नावावर काही नसतं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची चळवळ केली आणि गावोगाव बायकांच्या नावावर जमिनी करून घेतल्या, त्याला तीन दशकं उलटून गेली. १९९४ मध्ये महाराष्ट्रानं, केंद्राच्या अकरा वर्षं आधी, लेकींना वडिलोपार्जित मालमत्तेत वाटा दिला. कायदा पुढं गेला, सातबारा मागंच राहिला. हक्कसोडपत्रावर सही करायला आलेल्या बहिणी मी उपनिबंधक कार्यालयाबाहेर दर आठवड्याला पाहते, बहुतेक वेळा राखीपौर्णिमेचा दाखला देऊन आणलेल्या. याउलट आमच्या कुंभारीला जाऊन या. महिला विडी कामगारांच्या सहकारी संस्थेनं तिथं १० हजार घरं उभी केली, २००६ मध्ये ती वसाहत सुरू झाली. ज्या बाईचं घर स्वतःचं आहे ती माझ्यासमोर खुर्चीत बसते तेव्हा वेगळी बसते. ‘यांना विचारून सांगते’ हे वाक्य तिच्या तोंडून कमी वेळा येतं.

मंत्रिमहोदय, २०२१ पासून बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. चांगला निर्णय आहे. पण ती सवलत राहत्या घराला आहे. गाळा, शेड, गोदाम, एमआयडीसीचा भूखंड घेणाऱ्या बाईला का नाही? घर घेणारी गृहलक्ष्मी आणि गाळा घेणारी कोण? ही सवलत गाळ्याला लावा. बाईच्या नावावर तारणालायक काही तयार होण्याचा याहून स्वस्त उपाय सरकारी तिजोरीला सापडणार नाही.

सवलती दिल्या की नावापुरत्या मालकिणी वाढतात, हा आपल्या अधिकाऱ्यांचा आक्षेप मला माहीत आहे, आणि तो खोटा नाही. नवऱ्याचा धंदा, बायकोचं नाव, ३५ टक्के अनुदान, अशा फायली आमच्याच व्यवसायातले लोक तयार करतात. पण उलटा प्रकार कोणी मोजत नाही. गोठा बाई बघते, धारा बाई काढते, दूध संस्थेचं सभासदत्व आणि बिलाचं खातं नवऱ्याचं. दुकानात दिवसभर बाई, गुमास्ता परवान्यावर सासरे. आणि नावापुरती कोण हे ओळखणं अवघड नाही. बँक खात्यावर सही कोणाची चालते, ओटीपी कोणाच्या मोबाइलवर जातो, माल घेताना भाव कोण ठरवतं, एवढं पाहणी करायला आलेल्या माणसानं दहा मिनिटांत बघितलं तरी कळतं. तो येतो, पाटीचा फोटो काढतो आणि जातो.

हे झालं पैशाचं. पण मी ज्यासाठी लेखणी उचलली ती गोष्ट पुढची आहे. आपण राज्यातलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक आहात. चादरी, गणवेश, खाऊ, बाकं, फायली, सॅनिटरी नॅपकिन, सगळं आपण विकत घेता. बाईच्या उद्योगाला अनुदानापेक्षा एक पक्की ऑर्डर शंभरपट उपयोगी पडते, कारण ऑर्डरच्या कागदावर बँकही कर्ज देते. केंद्रानं २०१८ मध्ये आपल्या खात्यांना आणि सार्वजनिक कंपन्यांना सांगितलं, की खरेदीतली निदान ३ टक्के बायकांच्या सूक्ष्म-लघु उद्योगांकडून करा. राज्यात काय होतं याची दोन उदाहरणं देते.

अंगणवाडीच्या आहाराचं काम ठेकेदारांना देऊ नका, गावातल्या महिला मंडळांना, बचत गटांना द्या, असं सर्वोच्च न्यायालयानं २००४ मध्ये सांगितलं. आपण २०१६ मध्ये निविदा काढली, तिच्या अटी अशा होत्या की साध्या गटाला दारातच उभं राहता येऊ नये. वैष्णोराणी महिला बचत गट त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २६ फेब्रुवारी २०१९ ला न्यायालयानं ती प्रक्रिया रद्द करून नव्यानं निविदा काढायला लावली. एका बचत गटाला आपल्याकडून काम मिळवायला दिल्ली गाठावी लागली. माविमची, म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळाची, स्थापना १९७५ ची, आंतरराष्ट्रीय महिला वर्षातली. जिच्यासाठी आपण पन्नास वर्षांपासून महामंडळ चालवता तिलाच निविदेच्या अटींनी बाहेर ठेवता, याचा मेळ मला लागत नाही.

दुसरं उदाहरण माझ्या गावाच्या जिव्हाळ्याचं आहे, कारण सोलापूर हे गणवेशांचं गाव. २०२४-२५ मध्ये शाळांच्या गणवेशाची खरेदी एकत्र केली. कापड मोठ्या पुरवठादाराकडून घेतलं, कापून पाठवलं, आणि शिलाई माविमच्या बचत गटांना दिली. कापड वेळेवर आलं नाही, मापं चुकली, अर्धं वर्ष गेलं तरी पोरं जुन्याच कपड्यांत होती आणि ओरड झाली ती शिवणाऱ्या बायकांच्या नावानं. डिसेंबरात निर्णय फिरवून काम शाळा व्यवस्थापन समित्यांकडे परत दिलं. या सगळ्यात आपण बायकांना उद्योग दिला असं म्हटलं गेलं. उद्योग नाही दिला, मजुरी दिली. कापड कुठलं घ्यायचं, माप कसं लावायचं, नफा किती धरायचा, हे ठरवणारी जागा पुरवठादाराकडे राहिली. आमच्याकडे कापड घेऊन, कापून, शिवून, पेटीत भरून देणारे बायकांचे कारखाने आहेत. एका तालुक्याचे पूर्ण गणवेश अशा पाच-सहा जणींना वाटून द्या, मार्चमध्ये ऑर्डर द्या, ३० टक्के आगाऊ द्या आणि जूनमध्ये माल बघा. चुकल्या तर दंड लावा. धंदा करणाऱ्याला दंडही लागतो, त्याला आमची ना नाही.

आणि बिलं वेळेवर द्या. २००६ च्या कायद्यानं ४५ दिवसांची मर्यादा घातली आहे, उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज सांगितलं आहे. व्याज मागणारी एक बाई मला दाखवा. थकलेल्या बिलाची तक्रार केली की पुढची ऑर्डर गेली, हे तिला पक्कं कळतं. प्राप्तिकराच्या एका कलमानं मुदतीत न दिलेलं बिल पैसे देईपर्यंत खर्चात धरायचं बंद केलं, तेव्हा आमच्याकडे काही मोठ्या खरेदीदारांनी जॉबवर्क करणाऱ्या बायकांना सांगितलं, ‘ते उद्यमचं रद्द करून या, मग बघू.’ एकीनं खरंच रद्द केलं. आपल्या पुढच्या अहवालात एक नाव कमी दिसेल ते तिचं. सरकारी खातीही यात मागं नाहीत. सप्टेंबरमधल्या मालाचं बिल ‘ग्रँट आली नाही’ म्हणून पुढच्या मार्चमध्ये निघतं. मोठा ठेकेदार सहा महिने थांबू शकतो. आठ बायकांची हजेरी दर शनिवारी चुकती करणारी थांबू शकत नाही. बायकांच्या उद्योगांची बिलं पंधरा दिवसांत द्यायची असा शासन निर्णय काढायला नवा कायदा लागत नाही, नवं महामंडळ लागत नाही, निधीही जास्त लागत नाही. पैसे द्यायचेच असतात, ते लवकर द्यायचे एवढंच.

यात माझ्या चार मागण्या आल्या आहेत. शाखावार पायरी-चढीचा तक्ता, यंत्राइतकंच ज्वारीला म्हणजे खेळत्या भांडवलाला कर्ज, गाळ्यावर मुद्रांक सवलत, आणि राज्याच्या खरेदीत राखून ठेवलेला, पंधरा दिवसांत पैसे मिळणारा वाटा. पहिलीला एक परिपत्रक पुरे. दुसरीचा नियम आहेच, तो पाळायचा. तिसरीला अर्थसंकल्पात एक ओळ. चौथीला मात्र आपल्याच खात्यांतल्या जुन्या ओळखी मोडाव्या लागतील, म्हणून तिथंच सगळं अडणार याची मला कल्पना आहे.

या पत्राला उत्तर आलं तर आनंद होईल. सोबत योजनांचं माहितीपत्रक मात्र जोडू नये. ते माझ्या टेबलावर तीन भाषांत आहे, आणि त्यातला कुठला अर्ज कुठल्या खिडकीवर अडतो हे माझ्याकडे येणाऱ्या बायकांना पाठ आहे. त्याऐवजी पुढच्या जिल्हास्तरीय बँकर्स बैठकीची तारीख कळवावी. बसायला चार खुर्च्या लागतील. त्यातली एक भाकरीवाल्या बाईंची, आणि बैठक शक्यतो फेब्रुवारीत ठेवावी.

आपली,
एक कर सल्लागार, सोलापूर